कृष्णधवल रूपांतरासाठी प्लग-इन निवडण्याची नीट पद्धत

ब्लॅक अँड व्हाइटसाठी प्लग-इन, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडून चालणारे जादा सॉफ्टवेअर, घेणाऱ्या बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी डाउनलोड, मग प्रीसेटच्या (तयार सेटिंगच्या) चौकटींवर एकामागून एक क्लिक, त्यातला सर्वांत भडक कॉन्ट्रास्टचा प्रीसेट पसंत, आणि लगेच खरेदी. पुढे कधीतरी मोठी प्रिंट काढली की आकाशात पट्टे दिसतात, फांद्यांच्या कडेने पांढरी रेघ दिसते, चेहऱ्यावर डाग उठलेले असतात. दोष मात्र कॅमेऱ्याला किंवा प्रिंट काढणाऱ्याला दिला जातो.

प्रीसेट कोणत्याही प्लग-इनचे छानच दिसतात, कारण ते पहिल्या नजरेत आवडावेत म्हणूनच बनवलेले असतात. प्लग-इनची खरी पारख दोन ठिकाणी होते. तुमच्या सर्वांत अवघड फोटोवर रंगाचा स्लायडर टोकाला नेल्यावर कडांचे आणि सपाट भागांचे काय होते? आणि आज केलेले काम उद्या उघडून बदलता येते का? खालचे सगळे टप्पे या दोन प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी आहेत. क्रमाने जा. दुसरा आणि तिसरा टप्पा गाळून थेट चाचणीवर उडी मारली, तर चाचणी प्लग-इनची न होता फाइलची होते.

## टप्पा १: प्लग-इन मुळात लागते का, ते ठरवा

तुमच्या हातातल्या सॉफ्टवेअरमध्ये काय आहे ते आधी पुरते वापरून बघा. लाइटरूमच्या ब्लॅक अँड व्हाइट मिक्सरमध्ये आठ स्लायडर आहेत: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, ॲक्वा, निळा, जांभळा आणि मजेंटा. फोटोशॉपच्या ब्लॅक अँड व्हाइट ॲडजस्टमेंट लेअरमध्ये सहा आहेत. कॅप्चर वनमध्ये यासाठी स्वतंत्र टूल आहे. फुकट सॉफ्टवेअरपैकी डार्कटेबलच्या कलर कॅलिब्रेशन मॉड्यूलमध्ये ग्रे टॅब आहे, रॉथेरपीमध्ये ब्लॅक अँड व्हाइट टूल आहे आणि गिंपमध्ये मोनो मिक्सर. अनेकांचे काम इथेच भागते.

भागत नाही असे वाटते तेव्हा बहुतेकदा कारण एकच असते: फोटोतले नुसते रंग काढून टाकलेले असतात, रूपांतर केलेलेच नसते. फरक आकड्यांत बघू. लाल फुलाची पाकळी घ्या, आरजीबी आकडे (लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५) २००, ५०, ५०. शेजारच्या पानाचे आकडे ६०, १२०, ५०. रंगीत फोटोत फूल पानांतून उठून दिसते. आता उजळपणा काढण्याचे प्रचलित सूत्र लावा: लाल गुणिले ०.२९९, हिरवा गुणिले ०.५८७, निळा गुणिले ०.११४, आणि तिघांची बेरीज. पाकळी येते ९५, पान येते ९४. म्हणजे फूल पानांत गडप. सॅच्युरेशन शून्य करणारी काही टूल्स वेगळेच गणित करतात, सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा घेऊन त्यांची सरासरी काढतात. तिथे पाकळी १२५ आणि पान ८५ येते. फोटो तोच, ‘रंग काढणे’ही तेच, पण उत्तरे दोन. यातले कोणतेही उत्तर तुम्ही निवडलेले नसते, ते सूत्राने दिलेले असते. पाकळी १६० वर न्यायची की ५० वर, हे तुम्ही ठरवता आणि त्यासाठी रंगाचे स्लायडर हलवता, तेव्हा त्याला रूपांतर म्हणायचे.

तपासणी: आहे त्या सॉफ्टवेअरमध्ये पाच-सहा फोटो मन लावून करा आणि एका वाक्यात लिहा, नेमके काय जमले नाही. ‘आकाशाचा फक्त डावा कोपरा गडद करताना खालचा डोंगरही काळवंडतो’, ‘ग्रेन (फिल्मसारखे दाणे) कृत्रिम दिसतो’, ‘एका समारंभाचे शेकडो फोटो एकसारखे करायला फार वेळ जातो’. असे वाक्य लिहिता आले तर पुढे जा. ‘फोटोत जान येत नाही’ एवढेच लिहिता येत असेल, तर अडचण प्रकाशात किंवा चौकटीत आहे. ती कोणतेही प्लग-इन सोडवणार नाही.

## टप्पा २: चाचणीच्या फोटोंचा संच बनवा

कंपनीच्या पानावरचे नमुना फोटो वापरू नका. ते फोटो त्या प्लग-इनसाठी निवडलेले असतात. स्वतःच्या संग्रहातून, रॉ स्वरूपातले (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले), असे फोटो काढा:

1. निळे आकाश आणि त्यावर बारीक फांद्या किंवा तारा. संचातला सर्वांत महत्त्वाचा फोटो हाच. रूपांतरातले निम्मे दोष याच्यावर उघडे पडतात.
2. मऊ उजेडातला चेहरा, ओठ आणि गालांवरचा रंग स्पष्ट दिसणारा.
3. दाट हिरवळ, उन्हातली आणि सावलीतली पाने एकत्र असलेली.
4. जास्त आयएसओवर काढलेला अंधाऱ्या जागेचा फोटो, आयएसओ ३२०० किंवा त्याहून वर.
5. उजळपणा सारखा पण रंग वेगळे असलेला फोटो, वरच्या फूल-पानासारखा.

सोबत एक कृत्रिम पट्टी बनवा. १६-बिट फाइलमध्ये डावीकडे गडद निळा, उदाहरणार्थ ४०, ९०, १८०, आणि उजवीकडे फिका निळा १७०, २००, २३०, असा सलग उतार. बरेच जण यासाठी काळ्या ते पांढऱ्या राखाडी पट्टीचा वापर करतात. ती कॉन्ट्रास्ट तपासायला ठीक, पण तिच्यात रंगच नसल्यामुळे रंगाचे स्लायडर तिच्यावर काहीच करत नाहीत. पट्टे पडतात की नाही ते निळ्या उतारावरच कळते.

सावधान: कॅमेरा मोनोक्रोम मोडवर ठेवून काढलेल्या जेपेगमध्ये रंगांची माहिती उरलेली नसते. त्याच मोडमध्ये काढलेल्या रॉ फाइलमध्ये मात्र रंग शाबूत असतात, फक्त कॅमेऱ्याच्या पडद्यावर आणि सोबतच्या प्रीव्ह्यूमध्ये फोटो कृष्णधवल दिसतो. म्हणून मोनोक्रोम मोडवर फोटो काढायचे तर रॉ किंवा रॉ अधिक जेपेग ठेवा. लायकाची एम मोनोक्रोम मालिका किंवा २०२३ चा पेंटॅक्स के-३ मार्क ३ मोनोक्रोम यांसारख्या कॅमेऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या सेन्सरवर रंगांची जाळीच नसते, त्यामुळे प्लग-इनमधले रंगीत फिल्टर त्यांच्या फाइलवर निरुपयोगी. असा कॅमेरा असेल तर पाचव्या टप्प्यातली रंगाची चाचणी सोडा आणि टोन व ग्रेन यांवरच निवड करा.

## टप्पा ३: फाइल प्लग-इनकडे जाण्याआधी तयार करा

इथे झालेली चूक पुढे दुरुस्त होत नाही, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात.

१६-बिट ठेवा. ८-बिट फाइलमध्ये एका चॅनेलला २५६ पायऱ्या मिळतात. रंगीत फोटोत तीन चॅनेल एकमेकांना सांभाळून घेतात. कृष्णधवलात सगळा भार एकाच करड्या उतारावर येतो, त्यात तुम्ही निळा स्लायडर खाली ओढून आकाशाचा छोटासा भाग ताणता, आणि पट्टे उघडे पडतात. रॉ फाइल १२ किंवा १४ बिटांची असते. ती ८-बिट जेपेग करून प्लग-इनला देणे म्हणजे हातातली माहिती फेकून मग तिचा शोध घेणे.

लाइटरूम क्लासिकमध्ये प्रेफरन्सेसच्या एक्स्टर्नल एडिटिंग भागात टिफ, १६-बिट आणि ॲडोबी आरजीबी किंवा प्रोफोटो आरजीबी निवडा. प्रोफोटो निवडून ८-बिट ठेवणे सर्वांत वाईट: रंगांचा पल्ला मोठा आणि पायऱ्या तेवढ्याच.

मोड आरजीबीच ठेवा. ‘कृष्णधवलच करायचे आहे’ म्हणून फोटोशॉपमध्ये आधी ग्रेस्केल मोड निवडणारे पुष्कळ आहेत. त्या क्षणी रंग गेले आणि रूपांतर सूत्राने होऊन गेले. मग प्लग-इन उघडले तरी त्याच्याकडे वेगळे करायला काही उरत नाही. काम संपेपर्यंत आरजीबी.

रंगीत झालर आधी काढा. लेन्समुळे कडांवर येणारी जांभळी-हिरवी झालर रंगीत फोटोत दुर्लक्षिली जाते. जांभळा किंवा मजेंटा स्लायडर हलला की तीच झालर काळी किंवा पांढरी रेघ होऊन बसते. क्रोमॅटिक ॲबरेशनची दुरुस्ती रॉ टप्प्यावरच करा.

नॉइज (फोटोतले नको असलेले दाणे) आधी, शार्पनिंग नंतर. विशेषतः रंगांचा नॉइज. निळा चॅनेल बहुधा सर्वांत दाणेदार असतो आणि आकाश गडद करताना आपण नेमका त्याच्याशी खेळतो. रंगाचा नॉइज आधी घालवला तर पुढची ओढाताण फोटो सोसतो. शार्पनिंग जवळजवळ शून्यावर ठेवा, ते शेवटी आकारानुसार करायचे असते.

व्हाइट बॅलन्स नीट करा. ‘रंगच जाणार आहेत, मग कशाला?’ हा प्रश्न नेहमी येतो. व्हाइट बॅलन्स बदलला की चेहरा नारिंगीतून पिवळ्यात सरकतो, आणि मग ज्या स्लायडरने तो उजळायला हवा त्याने उजळत नाही.

कॉन्ट्रास्ट मुद्दाम मऊ ठेवा. प्लग-इनकडे जाणारी फाइल थोडी मिळमिळीत दिसली पाहिजे. पांढऱ्याच्या टोकाला आणि काळ्याच्या टोकाला, दोन्हीकडे जागा राहू द्या.

तपासणी: हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) दोन्ही भिंतींना चिकटलेला नाही, मोड आरजीबी आहे, १६-बिट आहे. सहाही फाइल या अवस्थेत एका फोल्डरमध्ये ठेवा आणि मूळ प्रती हलवू नका. प्रत्येक प्लग-इनला याच फाइल द्यायच्या.

## टप्पा ४: यादी दोन-तीन नावांवर आणा

इथे फार वेळ घालवू नका. बाद करणाऱ्या गोष्टी आधी बघा.

तुमच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये ते चालते का, हा पहिला प्रश्न. काही प्लग-इन्स फोटोशॉप आणि लाइटरूम क्लासिक दोन्हींत चालतात, काही स्वतंत्र ॲप म्हणूनही उघडतात. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या फोटोशॉपमध्ये फक्त इंटेलसाठी बनलेले जुने प्लग-इन दिसतच नाही, त्यासाठी फोटोशॉप रोझेटामधून (इंटेलची सॉफ्टवेअर चालवून देणाऱ्या ॲपलच्या सोयीतून) उघडावे लागते. तेवढ्यासाठी सगळे सॉफ्टवेअर मंद करून घेणे परवडणारे नाही.

दुसरा प्रश्न: ते अजून सांभाळले जाते का? सिल्व्हर एफेक्सचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. निक सॉफ्टवेअरचे हे प्लग-इन कंपनीसकट २०१२ मध्ये गूगलकडे गेले, मार्च २०१६ मध्ये सगळा संच फुकट झाला, २०१७ मध्ये गूगलने पुढच्या सुधारणा थांबवल्या आणि त्याच वर्षी तो डीएक्सओने विकत घेतला. आज ते जोमात आहे. पण २०१६ चा फुकट संच अजून कित्येकांच्या संगणकावर आहे आणि नव्या सिस्टिमवर तो अडखळला की लोक ‘सिल्व्हर एफेक्स खराब आहे’ असे ठरवून मोकळे होतात. चाचणी चालू आवृत्तीचीच करा. टोनॅलिटी आणि टोपाझ बी अँड डब्ल्यू इफेक्ट्स ही एकेकाळची लोकप्रिय नावे जुन्या शिफारशींत अजून भेटतात. त्यांचा विकास थांबलेला आहे, त्यांच्यावर नवे काम उभारू नका.

आज बघण्यासारखे: डीएक्सओ निक कलेक्शनमधले सिल्व्हर एफेक्स, एक्स्पोजर, ऑनवन इफेक्ट्स, आणि गिंप किंवा क्रिटा वापरणाऱ्यांसाठी फुकटचे जीमिक. एक्स्पोजर आणि ऑनवन फक्त कृष्णधवलासाठी नाहीत, रंगीत कामही करतात. ते तुमच्याकडे आधीच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर त्याचे वेगळे पैसे कशाला मोजायचे, हा विचार करा. जीमिकमध्ये फिल्टरांचे जंगल आहे आणि मांडणी रूक्ष आहे, पण कृष्णधवलाचा फिल्टर आणि जुन्या फिल्म्सच्या नकला दोन्ही कामाच्या आहेत.

सावधान: तीनपेक्षा जास्त प्लग-इन्स एकाच वेळी चाचणीला घेऊ नका. मोफत मुदत सगळ्यांची एकदम सुरू होते आणि एकाचीही नीट चाचणी होत नाही. एकेक करून बसवा.

## टप्पा ५: चाचणी, ठरलेल्या क्रमाने

प्रीसेटची पट्टी बंद करा. सुरुवात न्यूट्रल अवस्थेपासून. फिल्मची नक्कलही बंद ठेवा, कारण सिल्व्हर एफेक्समध्ये फिल्मचे नाव निवडले की एका क्लिकमध्ये तीन गोष्टी बदलतात: रंगांची संवेदनशीलता, कर्व्ह (छटांचा उजळपणा बदलणारी वक्ररेषा) आणि ग्रेन. परिणाम आवडला तरी तो कशामुळे आला ते कळत नाही.

५.१ रंगाचा स्लायडर टोकाला. पहिला फोटो उघडा, फांद्यांचा. दृश्य १०० टक्क्यांवर न्या आणि जिथे बारीक फांदी आकाशाला चिकटते ती जागा धरा. निळा स्लायडर खाली ओढत जा, किंवा लाल फिल्टर वाढवत जा. हळूहळू, थांबत थांबत. एका टप्प्यावर फांदीच्या दोन्ही बाजूंना फिकट रेघ उमटेल. ती का येते? फांदीच्या कडेचे पिक्सेल आकाशाइतके निळे नसतात, त्यामुळे आकाश काळे होते आणि ते मागे राहतात. रेघ प्रत्येक प्लग-इनमध्ये कधी ना कधी येतेच. ती किती उशिरा येते, हे नोंदवा. एका प्लग-इनमध्ये आकाश मध्यम करड्यावर असतानाच रेघ दिसते, दुसऱ्यात आकाश जवळजवळ काळे होईपर्यंत कडा स्वच्छ राहतात. पैसे द्यायचे ते दुसऱ्याला.

याच जागी आकाशाचा मोकळा भागही बघा. दाणे उठले का? चौकोनी ठिपके दिसले का? मग निळी पट्टी उघडून तोच स्लायडर त्याच आकड्यावर न्या. उतार सलग राहिला पाहिजे, जिन्याच्या पायऱ्या दिसता कामा नयेत.

५.२ चेहरा. माणसाची कातडी गोरी असो, सावळी असो, काळी असो, रंगाच्या चाकावर ती नारिंगीच्या आसपासच येते. म्हणून चेहरा उजळायला नारिंगी स्लायडर, आणि ओठ-गालांचा तोल सांभाळायला लाल. लाल वाढवला की ओठ फिके होऊन चेहऱ्यात मिसळतात. निळ्या-हिरव्या बाजूला झुकलात की प्रत्येक डाग, प्रत्येक पुरळ गडद होऊन वर येते. फोटोशॉपच्या सहा स्लायडरांत नारिंगी नाही, त्यामुळे तिथे लाल आणि पिवळा दोन्ही मिळून चेहरा सांभाळावा लागतो. प्लग-इनमध्ये नारिंगी वेगळा मिळतो का, की फक्त लाल-पिवळा-हिरवा असे ठरावीक फिल्टर आहेत? माणसांचे फोटो काढणाऱ्याने हे आधी बघावे. नारिंगी थोडा थोडा वाढवताना गालावरची छटा सलग उजळली पाहिजे. ती तुकड्यांनी, नकाशासारखी उजळली तर ते प्लग-इन चेहऱ्यांसाठी सोडून द्या.

५.३ हिरवळ. ‘हिरवा स्लायडर हलवतोय पण पानांवर फरकच पडत नाही’ ही तक्रार हमखास ऐकू येते. उन्हातल्या पानांत पिवळा भरपूर असतो, आधी पिवळा हलवा, मग हिरवा. चाचणीत बघायचे ते असे की उन्हातली आणि सावलीतली पाने वेगवेगळी सांभाळता येतात का.

५.४ जागेपुरता बदल. प्लग-इन घेण्याचे सर्वांत सबळ कारण बहुतेकांसाठी हेच. सिल्व्हर एफेक्समधले कंट्रोल पॉइंट इथे कामाला येतात: आकाशावर बिंदू ठेवला, वर्तुळ मोठे केले, की वर्तुळात त्या बिंदूसारखा रंग आणि उजळपणा असलेला भाग मुख्यतः बदलतो, मधली फांदी बरीचशी तशीच राहते. दुसऱ्या प्लग-इन्समध्ये ब्रश, ग्रेडियंट, रंगावर आधारित मास्क असतात. पहिल्या टप्प्यात लिहिलेले वाक्य आता काढा आणि नेमके तेच काम करून बघा. मास्कची कडा १०० टक्क्यांवर तपासा.

५.५ स्ट्रक्चर आणि क्लॅरिटी. नावे वेगळी, काम तेच: बारीक तपशिलाचा कॉन्ट्रास्ट वाढवणे. डोंगर आणि आकाश मिळतात त्या रेषेवर हा स्लायडर वाढवा. डोंगराच्या वर उजळ पट्टा उमटला की तिथून मागे या. ऐन कामाच्या वेळी याचा मोह सर्वांत जास्त होतो, कारण छोट्या पडद्यावर फोटो एकदम कडक दिसतो आणि प्रिंटमध्ये तोच खरखरीत होतो. चौथ्या, अंधाऱ्या फोटोवरही बघा. नॉइज आणि तपशील यांत फरक न करणारे प्लग-इन इथे उघडे पडते.

५.६ ग्रेन. बसवून दाखवलेला ग्रेन ओळखायचा कसा? शुभ्र पांढऱ्या भागाकडे आणि गर्द काळ्या भागाकडे बघा. चांगल्या नकलेत ग्रेन मधल्या करड्या छटांत जास्त आणि टोकांना कमी दिसतो. सगळीकडे एकसारखा पसरलेला असेल तर तो नुसता वर टाकलेला नॉइज आहे. दाण्याचा आकार आणि प्रमाण वेगवेगळे बदलता आले पाहिजे.

तपासणी: प्रत्येक चाचणीनंतर आकडे लिहा. ‘निळा उणे ६०, रेघ दिसली’ अशी नोंद उपयोगाची. ‘आकाश छान आले’ ही नोंद दुसऱ्या दिवशी काहीच सांगत नाही. मात्र दोन प्लग-इन्सचे स्लायडर आकड्यांत सारखे नसतात, म्हणून तुलना करताना आकाशाचा करडेपणा आयड्रॉपरने (एका जागेचा आकडा दाखवणाऱ्या टूलने) मोजा: आकाश ७० वर आणले तेव्हा कुणाच्या कडा स्वच्छ होत्या?

## टप्पा ६: परतीची वाट आहे का, ते बघा

ही चाचणी बहुतेक जण करतच नाहीत. एक फोटो पूर्ण करा, सेव्ह करा, सॉफ्टवेअर बंद करा. पुन्हा उघडा आणि निळा स्लायडर थोडा बदलून बघा.

फोटोशॉपमध्ये लेअरचे आधी स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ पिक्सेल जपून ठेवणारी लेअर) करून मग प्लग-इन लावले, आणि प्लग-इनला ती सोय असली, तर ते स्मार्ट फिल्टर म्हणून राहते. त्यावर डबल क्लिक केले की सगळे स्लायडर जिथे सोडले होते तिथेच सापडतात. साध्या लेअरवर लावले तर पिक्सेल कायमचे बदलले. लाइटरूम क्लासिकमधून पाठवताना वेगळी टिफ तयार होते आणि बहुतेक प्लग-इन्सच्या बाबतीत तिच्यात निकालच असतो, स्लायडरांची जागा नसते. निक कलेक्शनमध्ये २०२० च्या आवृत्तीपासून टिफमध्येच सेटिंग साठवून पुन्हा उघडण्याची सोय आहे, पण फाइल आणखी फुगते.

फुगणे म्हणजे किती? २४ मेगापिक्सेल, तीन चॅनेल, प्रत्येकी १६ बिट, असा हिशेब केला तर कॉम्प्रेशन नसलेली एक टिफ सुमारे १४४ एमबी होते. वर स्मार्ट ऑब्जेक्ट आला की त्याच्या कितीतरी पुढे. त्यामुळे सरसकट सगळे फोटो प्लग-इनकडे पाठवू नका. निवडलेलेच पाठवा, आणि डिस्कवरची जागा चाचणीच्या वेळीच मोजा.

सावधान: लाइटरूम विचारते तेव्हा ‘लाइटरूमच्या बदलांसह प्रत’ हा पर्याय घ्या. मूळ फाइलवर काम करण्याचा पर्याय घेतला तर टिफ किंवा जेपेग असलेल्या मूळ फोटोवरच प्लग-इनचा निकाल लिहिला जातो.

## टप्पा ७: नाव झाकून तुलना

प्रत्येक प्लग-इनमधून, आणि तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या साध्या मिक्सरमधूनही, तेच पाच फोटो पूर्ण करा. साध्या मिक्सरला स्पर्धेतून वगळू नका, तो अनेकदा जिंकतो.

तुलनेत सर्वांत मोठी फसगत उजळपणाने होते. दोन प्रतींपैकी जी किंचित उजळ किंवा जास्त कॉन्ट्रास्टची, ती डोळ्यांना सरस वाटते. फोटोशॉपच्या हिस्टोग्राम पॅनलच्या मोठ्या दृश्यात मीन (सरासरी उजळपणा) हा आकडा मिळतो. सगळ्या प्रतींचे मीन दोन-तीन अंकांच्या आत आणा आणि मगच शेजारी शेजारी ठेवा. दुसऱ्या कुणाला तरी फाइलींना अ, ब, क अशी नावे द्यायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आधी पूर्ण चौकट, मग १०० टक्के. घट्ट पिक्सेलच्या पडद्यावर १०० टक्क्यांवरही दाणे लहान दिसतात, तिथे २०० टक्के करा.

जमल्यास फांद्यांच्या फोटोची आणि चेहऱ्याची छोटी प्रिंट काढा. पडद्यावर चालून गेलेली फिकट रेघ कागदावर लगेच खटकते. प्रिंटसाठी पाठवताना सर्वांत उजळ तपशील २४५ ते २५० च्या आसपास ठेवा. २५५ म्हणजे कोरा कागद.

तपासणी: निवडलेले प्लग-इन फक्त एकाच फोटोवर जिंकले असेल तर ते घेऊ नका. तुम्ही ज्या प्रकारचे फोटो सर्वाधिक काढता त्यावर त्याने साध्या मिक्सरला उघडपणे मागे टाकले पाहिजे.

## टप्पा ८: घेतल्यावर कामाचा क्रम बांधा

प्लग-इन घेतले की पहिले काम: न्यूट्रल सुरुवातीचा स्वतःचा प्रीसेट सेव्ह करा, म्हणजे दर वेळी भडक डिफॉल्टशी झगडावे लागणार नाही. मग हा क्रम पाळा:

1. रॉ टप्प्यावर नॉइज, झालर, व्हाइट बॅलन्स, मऊ कॉन्ट्रास्ट.
2. सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके पुसणे. आकाश गडद केल्यावर ते दुप्पट दिसतात, तेव्हा पुसत बसणे जिकिरीचे होते.
3. प्लग-इनमध्ये रंगाचे स्लायडर, मग जागेपुरते बदल.
4. एकंदर उजळपणा आणि कर्व्ह.
5. स्ट्रक्चर, हात आखडून.
6. अंतिम आकार, मग शार्पनिंग, मग ग्रेन.
7. टोनिंग सर्वांत शेवटी. सेपिया किंवा सेलेनियम आधी लावून नंतर कर्व्ह हलवला की छटा काळ्या भागांत वेगळी आणि पांढऱ्यात वेगळी सरकते.

सहाव्या पायरीतला क्रम अनेकांना पटत नाही, कारण ग्रेन प्लग-इनच्या त्याच खिडकीत समोर असतो. पण ६००० पिक्सेल रुंद फोटोवर बसवलेला ग्रेन २००० पिक्सेलवर आणला की शेजारचे दाणे एकमेकांत मिसळून जवळजवळ नाहीसे होतात. मास्टर फाइल ग्रेनशिवाय ठेवा आणि वेब व प्रिंटच्या प्रतींवर त्या त्या आकाराप्रमाणे ग्रेन घाला. आकाशात अगदी हलके पट्टे राहिले असतील तर थोडा ग्रेन ते मोडतोही, मात्र ८-बिट फाइलचे ठळक पट्टे त्याने लपत नाहीत.

चाचणीचा फोल्डर पुसू नका. प्लग-इनची नवी आवृत्ती आली, पैसे भरून अपग्रेड करा असा निरोप आला, की तेच सहा नमुने जुन्या आणि नव्या आवृत्तीत चालवा. आधी फांद्यांचा फोटो उघडा आणि आकाश ७० वर आणून कडा बघा. फरक दिसला तर अपग्रेड करा.